चिखलाची पावती

अर्जाच्या चौथ्या पानावर एक रकाना होता:
भागीदार समुदाय. नाव, पत्ता, सही.
आम्ही टाइप केलं: खाजन शेतकरी, आजोशी.
सहीसाठी गेलो तेव्हा पुनो गावडे
मानशीच्या फळीवर बसून फाटकं जाळं सांधत होता.

मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं,
बॉटनी घेऊन, गोव्यात जन्मून.

‘पैसे कोणाक?’ पुनोने विचारलं.
कॉलेजला येतात, मग आम्हाला. पंचवीस हजार.
‘आनी आमकां?’
डेस्मंडने अंदाजपत्रक उघडलं:
स्थानिक मानधन पंधराशे, चहापाणी सातशे.
तो हसला नाही.
‘चा हांव दितां,’ म्हणाला,
आणि सहीचं पान घडी करून मलाच परत दिलं.
‘पयलीं उदक चाखून पळयात.’

आम्ही चाखलं. खारट, एवढंच सांगता आलं.
त्याने बोट बुडवून जिभेला लावलं, म्हणाला,
काल रात्रीचं आहे हे, आत यायला नको होतं.
आठ हजार चारशेचं मीटर
आकडा दाखवत राहिलं. रात्र त्यात नव्हती.

आमचा विषय होता
कोरगूट भाताची क्षार सोसण्याची क्षमता.
उमावती म्हणाली, भात किती सोसतं ते भाताला ठाऊक.
मासळीच्या पावणीत मानस घेतलेला माणूस
रात्री दार दोरीने बांधून उघडं ठेवतो,
सुंगटं आत यावीत म्हणून. ते मोजा.
(मंजूर विषय बदलायचा तर
परिशिष्ट ब, तीन प्रती, विभागप्रमुखांमार्फत.
आम्ही बदलला. परिशिष्ट भरलं नाही.)

चौदा रात्री बांधावर.
सुफलाला खेकड्याने धरलं, माझी चप्पल गेली.
उमावती कोळशाने फळीवर रेघा ओढायची,
आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे उघडं.
अकरा उभ्या.
त्या फळीचा फोटो आमच्या अहवालातला तक्ता क्रमांक दोन.

मग अवसेच्या भरतीला बांध फुटला.
अठरा हात.
कोणी कोणाला बोलावलं नाही,
सगळे कमरेएवढ्या पाण्यात होते.
शिल्लक होते सहा हजार दोनशे,
त्यांचे बांबू आणले, पेंढा, आणि पलीकडून
होडीभर चिकण.
हातोहात चिखल सरकत गेला
आणि त्या रांगेत मी कुठे उभी होते
हे आता आठवत नाही.

हिशेब विभागाचं पत्र:
‘चिकणमाती, एक होडी. पावती जोडलेली नाही.’
दुसरं पत्र: ‘पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक कळवावा.’
तिसरं मी पुनोला वाचून दाखवलं.
त्याने ऐकलं, बांधाचा ओला गोळा उचलला,
चौथं पान मागितलं, सहीचं, घडी पडलेलं,
आणि त्या रकान्यावर गोळा ठेवून
अंगठ्याने दाबला.
‘ही घे. दोनूय जालीं.’

पणजीला पोचेपर्यंत बसमध्ये ती सुकली.
लखोट्यात निम्मी भुगा झाली होती.
कारकुनाने टेबलावर झटकली,
मग कोण बघतंय का पाहून
बोटाने गोळा करून पुन्हा आत भरली.

वसुलीची नोटीस तरीही आली.
सहलेखकांत पुनोचं नाव छापता आलं नाही:
रोल नंबर नाही.
दार यंदाही पावणीत त्याच माणसाने घेतलंय.

परवा उमावती बाजारात भेटली,
पाटीत काळुंदरं, हात तसेच राखाडी.
‘तुमचो अभ्यास पास जालो?’
मी हो म्हटलं, की नाही म्हटलं,
ती तोवर गिऱ्हाइकाला मोजून देत होती.